रॅम आणायला धावू नका, आधी डिस्क बघा

माझा लॅपटॉप २०१४ चा. बटण दाबून आंघोळ उरकून आलो तरी स्क्रीनवर ठिपके गोल फिरतच असायचे. ज्याला विचारावं तो म्हणे, रॅम (चालू कामांसाठीची तात्पुरती मेमरी) वाढव. वाढवली. म्हणजे आणली. खाचेत टक्कन बसली, पण स्क्रीन काळी ती काळीच. माझ्या मशीनला १.३५ व्होल्टची डीडीआर३एल हवी होती आणि मी साधी १.५ व्होल्टची डीडीआर३ उचलली होती. दोन्ही दिसायला सारख्या, खाचही तीच. आत बसलेल्या पट्टीवरचं लेबल आधी वाचलं असतं तर ही फजिती टळली असती.

तेव्हा खरेदीआधी दुखणं कुठे आहे ते बघा. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. नेहमीची कामं चालू ठेवून पाच मिनिटं आकडे बघा. मेमरी सतत नव्वद टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी पडतेय. माझ्याकडे मेमरी निवांत होती. डिस्क मात्र १०० टक्के, आणि वेग जेमतेम सेकंदाला एक-दोन एमबी. जुन्या हार्ड डिस्कची तबकडी बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते आणि प्रत्येक बारक्या फाइलसाठी तिच्यावरची सुई इकडून तिकडे पळत असते. एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये, फिरणारं काही नसतंच. फरक पडतो तो इथे.

बहुतेक जुन्या लॅपटॉपना अडीच इंची साटा (हा जोडणीचा प्रकार) एसएसडी चालते. ती साधारण ७ मिलिमीटर जाड असते. जुनी डिस्क ९.५ ची असेल तर नवी आत खुळखुळते, म्हणून सोबतची प्लास्टिकची चौकट लावा.

आधी बॅकअप, मगच स्क्रू. चार्जर काढा, झाकण उघडताच बॅटरीचा कनेक्टर सोडवा. कागदावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावत जा. हसू नका, आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू पिळल्याने माझ्या कीबोर्डशेजारी आलेला टेंगूळ अजून हाताला लागतो. डिस्क वर उचकटू नका, कनेक्टरपासून आडवी सरकवा.

मी जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल (क्लोन) न करता नवीवर कोरी विंडोज टाकली. ती बसवायला किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो, आणि दहा वर्षांचा कचरा सोबत येत नाही.

झाकण उघडंच आहे तर पंखाही बघा. माझ्या पंख्याच्या जाळीवर धुळीचा अक्षरशः नमदा बसला होता. हवा मारताना पंख्याचं पातं काडीने अडवून धरा, नाहीतर तो भलत्या वेगाने गरगरतो.

एक अडचण उरते. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर असं दोन्ही लागतं. आडवाटेने ती जुन्यावर बसवताही येते, पण मी त्या भानगडीत पडलो नाही. विंडोजच्या जागी लिनक्स मिंट या फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली. ४ जीबी रॅममध्ये ब्राउझर आणि लिखाण आरामात चालतं.

काढलेली हार्ड डिस्क यूएसबी केसमध्ये घालून फोटोंची जास्तीची प्रत ठेवायला वापरतो. एकमेव प्रत मात्र तिच्यावर ठेवत नाही, तिचंही वय झालंय.