पावसाळ्यात जलरंगातल्या आकाशावर डाग पडत असतील तर (माझा अनुभव)

ठाण्यात जुलैमध्ये कोकण सहलीच्या फोटोवरून जलरंगात आकाश रंगवलं की वॉश (पातळ रंगाचा सलग ओला थर) वाळता वाळता फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे, कातरलेल्या कडांचे डाग उमटायचे. रंग घट्ट केला, पंखा लावला, वरून दुसरा हात दिला, काहीच उपयोग नाही. चांगला कागद वाया जायचा, याचा फार वैताग यायचा.

दमट हवेत कागद सावकाश वाळतो. कडेला साचलेलं पाणी अर्धवट वाळलेल्या रंगात परत शिरतं आणि रंगकण पुढे ढकलतं.

शेवटी जमलं ते असं: ३०० जीएसएमचा (म्हणजे चांगला जाड) कॉटन कागद चारही बाजूंनी मास्किंग टेपने बोर्डावर चिकटवा. बोर्डाची वरची बाजू दोन बोटं उचला. रंग आधीच भरपूर कालवून ठेवा, वरून खाली एका दमात लावा. तळाशी साचलेला रंग पिळलेल्या ब्रशने टिपा, टेपवरचं पाणीसुद्धा. सगळी मेख इथेच आहे. मग हात लावू नका. ओली चकाकी गेल्यावरच हेअर ड्रायर, फूटभर अंतरावरून, सतत फिरवत. कागदाला हाताची मागची बाजू लावून बघा. गार लागला तर आत ओल आहे, माणसं आणि होड्या इतक्यात रंगवू नका.