येळवशीच्या रात्री चांदणं
माझी पहिली कादंबरी रहस्यकथा आहे, लातूरकडच्या शिवारात घडते. येळवस हा तिकडचा शेतातला सण; त्या रात्री राखणदार चांदण्यात खुन्याचा चेहरा ओळखतो, असं लिहून बसलो होतो. आईला वाचून दाखवलं. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. "अरे, येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अवस. चांदणं कुठून आणलंस?"

छातीत धस्स झालं. अख्खा पुरावा त्या चेहऱ्यावर उभा होता.

तिथी बदलवेना, कडब्याची कोप म्हणजे खोपटं, अंबिलाचं मडकं त्याच दिवसाचं. मग खूनच दिवेलागणीला आणला. हेंडगा, म्हणजे गवताची मशाल, पेटतो, क्षणभर उजेड पडतो, राखणदाराला दिसतं ते फक्त अर्धं तुटलेलं बोट. हे आधीपेक्षा कितीतरी सरस झालं. तीन प्रकरणं पुन्हा लिहिली. आता वहीच्या समासात प्रत्येक प्रसंगाची तिथी आधी मांडतो.