'छान आहे, बघ' याच्या पुढे काय लिहायचं

माझी भाची दर शनिवारी एकच प्रश्न पाठवते : "मावशी, ते कसं आहे गं? बघू का?" आणि मीही वर्षानुवर्षं एकच उत्तर पाठवत आले : "छान आहे, बघ." एकदा माझ्या भरवशावर तिने आठ भागांची मालिका दोन रात्री जागून संपवली आणि सकाळीच फोन केला. "मावशी, तुला यात नक्की आवडलं काय?" मला सांगताच येईना. बघून जेमतेम तीन आठवडे झाले होते आणि 'कामं मस्त केलीत सगळ्यांनी' एवढंच काय ते हाताशी होतं.

तेव्हापासून वही ठेवते. तुम्हीही ठेवा, फोनमध्ये लिहिलंत तरी चालेल. मात्र बघितल्या रात्रीच लिहायचं, आणि दुसऱ्या कुणाचंही मत वाचायच्या आधी. एकदा चार जणांचं वाचलं की आपल्याला काय वाटलं होतं हे आठवतच नाही. त्यांचंच वाक्य आपलं वाटायला लागतं, आणि ते आपल्यापेक्षा बरं लिहिलेलं असल्यामुळे जास्तच.

काय लिहायचं? डोळ्यांनी पाहिलेल्या आणि कानांनी ऐकलेल्या तीन गोष्टी. मतं नकोत. अप्रतिम, दमदार, खिळवून ठेवणारं, अंगावर काटा आणणारं या शब्दांना माझ्या वहीत बंदी आहे. ते खोटे असतात असं नाही, पण ते कुठल्याही कलाकृतीला चिकटवता येतात, आणि तिथेच त्यांचा उपयोग संपतो.

उदाहरण देते. 2025 साली 'ॲडोलेसन्स' आली. चार भागांची मालिका, प्रत्येक भाग एकाच सलग शॉटमध्ये चित्रित केलेला, मधे कुठे कट नाही. जो तो त्या सलग शॉटबद्दलच बोलत होता. माझ्या वहीत तिसऱ्या भागाखाली पहिली नोंद आहे : 'अर्धं सँडविच'. एका खोलीत तेरा वर्षांचा आरोपी मुलगा आणि त्याच्याशी बोलायला आलेली मानसशास्त्रज्ञ. ती त्याला आपल्या सँडविचमधला अर्धा भाग देते. शेवटी मुलाला ओढून नेल्यावर ते टेबलावर पडलेलं असतं. ती उचलायला जाते आणि हात मागे घेते.

आता या नोंदीला दोन प्रश्न विचारायचे. त्या क्षणी मला काय झालं? आणि ते कशामुळे झालं? मला शिसारी आली, आणि लगेच त्या शिसारीची लाज वाटली, कारण पोर तर तेच होतं. कशामुळे? जवळजवळ सगळा वेळ कॅमेऱ्याने मला त्या खोलीत कोंडून ठेवलं होतं, कट नसल्यामुळे नजर फिरवायलाही जागा नव्हती, म्हणून. सलग शॉटची गोष्ट आता आली, पण आपल्या जागी आली. नुसतं 'चित्रीकरण थक्क करणारं' असं लिहिलं असतं तर ते कौतुक छायाचित्रणकाराच्या कष्टांचं झालं असतं. मी काय पाहिलं ते त्यातून कळलं नसतं.

तीन नोंदींतली एक तरी आवाजाची असू द्या. आपण सगळे डोळ्यांनीच बघतो आणि कान विसरतो. 'सैराट' (2016) मधली गाणी भरगच्च वाद्यवृंदाने वाजतात, आणि शेवटी पडद्यावरून आवाजच काढून घेतलाय. ती शांतता इतकी लागते, कारण आधी तेवढं वाजलेलं असतं. (शेवट फोडला म्हणून रागावू नका, एवढ्या वर्षांत पाहिला नसेल तर दोष माझा नाही. नव्या गोष्टीचं मात्र अर्ध्यापुढचं काहीही सांगू नये. कथा दोन वाक्यांत आटपा. मत लिहायला बसलेली निम्मी माणसं कथाच सांगत सुटतात.)

मत देताना कुठून आणि किती पाहिलं हेही सांगावं. मालिकेचे तीन भाग पाहिले असतील तर 'तीन भागांपर्यंत' असं लिहा. फोनवर, कपडे घड्या घालता घालता पाहिलं असेल तर तेही लिहा. त्यात कमीपणा नाही, वाचणाऱ्याला वजाबाकी करता येते.

नाटकाला तर हे फारच लागू. सिनेमा सगळ्यांना तोच दिसतो, नाटकाचा प्रयोग रोज वेगळा. एका नाटकावर मी फणकाऱ्याने लिहिलं होतं, 'नायिका पुटपुटते, अर्धे संवाद पोचत नाहीत.' पुढे एका मैत्रिणीच्या आग्रहाने तेच नाटक पाचव्या रांगेतून पाहिलं. बाई पुटपुटत नव्हती. नवरा खोलीत आला की तिचा आवाज खाली जायचा, तो विंगेत गेला की वर यायचा. सगळी भूमिका त्या चढउतारावर उभी होती. पहिल्या वेळी मी बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत, खांबाआड बसले होते आणि हे मी कुठेही लिहिलं नव्हतं. म्हणून आता नाटकाच्या नोंदीत आधी रांग लिहिते, मग नेपथ्य आणि प्रकाशयोजना.

आवडलं नाही तर? इथे घाई नको. कंटाळा आला, तर नक्की कुठे आला ते शोधा. तीच गोष्ट चौथ्यांदा सांगितली म्हणून आलेला कंटाळा वेगळा, आणि काहीच घडत नाही म्हणून आलेला वेगळा. 'कोर्ट' (2014) या चित्रपटात न्यायालयाला सुट्टी लागते, दिवे मालवतात, पडदा काळाकुट्ट होतो आणि तसाच राहतो. संपला म्हणून मी पर्स उचलली होती. मग पुढचं दृश्य सुरू झालं, न्यायाधीश सहलीला निघालेत. ज्याच्यावर खटला चाललाय तो माणूस तुरुंगातच आहे आणि मी घरी जायला उठले होते. दिग्दर्शकाने मला बरोबर पकडलं. अशा ठिकाणी 'संथ' एवढाच शेरा मारला तर आपणच उघडे पडतो.

पण खरंच फसलेलं असेल तर स्पष्ट लिहा. 'प्रयत्न चांगला आहे' हे मला सगळ्यात अपमानकारक वाटतं. त्यापेक्षा 'दुसऱ्या अंकात मुलगा घरी का परतला तेच कळलं नाही' असं लिहिलं तर निदान कुणाला वाद तरी घालता येतो. तारे मी देत नाही. साडेतीन तारे म्हणजे काय, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

आठवड्याने नोंद पुन्हा वाचा आणि वेगळ्या शाईत भर घाला. खोडू नका. मागच्या महिन्यात एका नाटकाखाली मी निळ्या शाईत लिहिलं होतं, 'शेवट घाईत उरकला.' परवा त्याखाली लाल शाईत लिहिलं, 'पडदा पडताना मागचं दार उघडं होतं का?' भाचीला विचारलं, तिनेही पाहिलंय. ती म्हणते बंद होतं. पण ती अकराव्या रांगेत होती.