पोरीनं जातीबाहेर लग्न ठरवलंय? आईबापांनी काय करायचं ते

सोलापुरात सरकारी कचेरीसमोर माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं, नावातला बदल आणि अधूनमधून विशेष विवाह कायद्याची नोटीस. पोरं-पोरी नोटिशीला येतात तेव्हा त्यांना सगळं पाठ असतं, मोबाइलवर वाचून आलेली असतात. मग आठ-पंधरा दिवसांनी त्यांचे आईबाप येतात, आणि त्यांना काहीच ठाऊक नसतं. म्हणून हे आईबापांसाठी लिहितेय. पोराच्या आईबापांनीही वाचावं, पण रडारड पोरीच्या घरात जास्त होते.

पोरगी सांगेल त्या रात्री काहीही ठरवू नका. फोन काढून घेऊ नका, नोकरी सोडायला लावू नका, 'जरा मामाकडं जाऊन ये' म्हणून इंडीला की अक्कलकोटला धाडू नका. सज्ञान पोरीला खोलीत कोंडणं हा गुन्हा आहे, मग कोंडणारा बाप का असेना. आणि घाईनं दुसरं स्थळ उभं करू नका. भरल्या मांडवात येणाऱ्या त्या तिसऱ्या पोराचं काय चुकलं, याचा विचार कुणी करत नाही.

दुसऱ्या दिवशी चहा टाका आणि चौकशीला लागा. आपल्याकडं गंमत अशी आहे की, जातीतलं स्थळ आलं की पगाराची पावती बघतो, घर स्वतःचं का भाड्याचं विचारतो, पितो का हे शेजाऱ्याकडनं काढून घेतो, आजीला दम्याचा त्रास होता का इथपर्यंत जातो. परजातीचं म्हटलं की 'कोण लोक?' एवढा एकच प्रश्न, आणि उत्तर ऐकून रडायला सुरुवात. पोरगा कर्जात बुडालेला असला तरी कळत नाही, कारण कुणी विचारलंच नाही. तर विचारा. काम काय, हप्ते किती, आधी लग्न झालंय का, घरात कोण कोण, पोरीची नोकरी चालू राहणार का. स्थळ म्हणून बघा. नापसंत असेल तर त्या कारणानं नापसंत करा, पोरगी निदान ऐकून तरी घेईल.

घर बघायला जा. बरोबर चार पुढारी नेऊ नका, नवरा-बायको दोघंच जा. आपल्या गावात एका गल्लीत तेलुगू, दुसरीत कन्नड आणि पलीकडं उर्दू ऐकू येते, त्यामुळं भाषेचं कारण सोलापूरकरानं सांगू नये. खाण्याचं मात्र आधीच बोलून घ्या. लिंगायत घरातली पोरगी मटण शिजणाऱ्या घरात जाणार असेल, तर तिला ते शिजवावं लागणार का, हा प्रश्न सासूसमोर स्वच्छ विचारायचा. लाजायचं काही नाही. पुढची भांडणं जातीवरनं कमी आणि तव्यावरनं जास्त होतात, असं माझं मत आहे.

आता कायदा. दोघं हिंदू असतील, जात कुठलीही असो, तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं नेहमीसारखं मांडवात लग्न लावायचं आणि नंतर नोंदणी करायची. त्या कायद्यात लिंगायत, बौद्ध, जैन, शीखही येतात. या वाटेत नोटीस नाही, वाट बघणं नाही. धर्म वेगळे असतील, किंवा विधी नकोच असतील, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा. दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला हवा. विवाह अधिकाऱ्याकडं नोटीस द्यायची, ती फलकावर लागते, ३० दिवस थांबायचं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लावायचं. तीन महिने उलटले की नोटीस पुन्हा पहिल्यापासून. धर्म कुणालाच बदलावा लागत नाही. आडनावही नाही. वाटण्यांबद्दल विचाराल तर, वेगवेगळ्या धर्मांचं लग्न या कायद्यानं झालं की वारसा भारतीय उत्तराधिकार कायद्यानं ठरतो, आणि हिंदू जोडीदार एकत्र कुटुंबातून कायद्यानं वेगळा होतो. शेतजमीन सामाईक असेल तर हे वकिलाकडनं आधी समजून घ्या.

त्या ३० दिवसांतच आईबाप माझ्याकडं येतात. एक मालक (आमच्याकडं मानानं कुणालाही असंच म्हणतात) आले होते, टॉवेलच्या कारखान्यात मुकादम. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात फलकावरच्या नोटिशीचा मोबाइलवर काढलेला फोटो. म्हणाले, "अक्का, आक्षेप टाइप करून द्या." म्हटलं, "सांगा." त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं: मुलाची जात वेगळी आहे. आमच्या घराण्यात असं कधी झालं नाही. धाकटीचं लग्न व्हायचं आहे. तिची आई जेवत नाही. एवढं झाल्यावर मी कलम ४ ची झेरॉक्स त्यांच्यासमोर ठेवली. आक्षेप फक्त त्यातल्या अटींवर घेता येतो: दोघांपैकी कुणाचा आधीचा जोडीदार हयात आहे का, मुलगा २१ आणि मुलगी १८ पूर्ण आहे का, मनानं संमती देण्याच्या स्थितीत दोघं आहेत का, आणि कायद्यानं वर्ज्य असलेलं जवळचं नातं आहे का. मालकांनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली. त्यांच्या चार कारणांतलं एकही त्यात बसत नव्हतं. "मग बापाची सही कुठं लागते?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "कुठंच नाही. तीन साक्षीदार लागतात, ते कुणीही चालतात. बापही चालतो."

ते चिडले. मी म्हटलं, मालक, दर जानेवारीला ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेत पांढरे कपडे घालून संमती कट्ट्यासमोर आपण अक्षता टाकतो. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी लग्न कुणाचं लागतं? कुंभाराच्या पोरीचं. आपल्या गावचे डॉक्टर कोटणीस चीनमध्ये गेले, १९४१ साली तिथल्या को छिंगलान यांच्याशी लग्न केलं, त्यांचं स्मारक आपण अभिमानानं पाहुण्यांना दाखवतो. मालक म्हणाले, "ते देव, ते डॉक्टर. माझी पोरगी टॉवेलच्या दुकानात हिशेब लिहिते." यावर मला उत्तर सुचलं नाही. टाइप केलेल्या कागदाचे पैसे मी घेतले नाहीत, त्यांनी तो घडी करून खिशात घातला. आत देऊन आले का, ते विचारलं नाही.

तुम्ही द्यायचा म्हणालात तर एवढं ध्यानात घ्या: विवाह अधिकारी चौकशी करून ३० दिवसांत निर्णय देतो, आणि आक्षेप वाजवी नाही, प्रामाणिकपणे घेतलेला नाही असं दिसलं तर आक्षेप घेणाऱ्याला १,००० रुपयांपर्यंत भरपाई भरावी लागू शकते. रक्कम चिल्लर आहे, पण आपल्याच पोरीला भरपाई दिल्याचा कागद घरात राहतो. पोलिसांत 'हरवली' म्हणून तक्रार दिलीत तरी तेच होतं. पोरगी हजर होते, सज्ञान आहे आणि स्वतःच्या मनानं गेले असा जबाब देते, आणि तुमच्यासमोरनं निघून जाते. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये शक्ती वाहिनी आणि शफीन जहान या दोन्ही निकालांत स्पष्ट सांगितलंय की सज्ञान माणसानं कुणाशी लग्न करायचं हे तो स्वतः ठरवतो, त्यात घरचे, समाज, पंच कुणी मध्ये येत नाही.

पंचांवरनं आठवलं. बरेच आईबाप पोरीला नाही, भावकीला भ्यालेले असतात. 'आमचं काही नाही हो, समाज वाळीत टाकेल.' महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे, जुलै २०१७ पासून लागू. लग्नकार्याला, देवळात येऊ न देणं, दंड मागणं, रोटीबेटी तोडायला लावणं, यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पंच बोलावतील तेव्हा बैठकीला एकटे जाऊ नका. 'काय ते लेखी द्या' एवढंच म्हणायचं. लेखी कुणी देत नाही. दंड मागितला तर कुणी, कधी, कुणासमोर मागितला ते त्याच दिवशी लिहून ठेवा आणि पोलीस ठाण्यात द्या.

नातेवाइकांना मात्र तुम्ही स्वतः सांगा, आणि आधी सांगा. बाहेरनं कळलं की ती चोरी वाटते, तुमच्या तोंडून कळलं की बातमी. थोरल्या चुलत्याला फोन करू नका, घरी जा, शेंगाची चटणी-भाकरी खा आणि उठता उठता सांगा. ओरडेल. ओरडू द्या. पत्रिकेत त्याचं नाव घातलं की निम्मं काम होतं. 'पोरीनं ऐकलंच नाही हो' असं रडगाणं गाऊ नका, नाहीतर लोक सांत्वनाला येतात आणि पोरगी जिवंत असताना घरात सुतकासारखं बसावं लागतं. 'आम्ही ठरवलं' म्हणा.

आणि नाहीच मानलं मन, तर? तर लग्नाला जाऊ नका, पण तिचे दाखले, मार्कशीट, आधार, तिचं बँकेचं पुस्तक अडवून ठेवू नका. एवढं तरी करा. बाळंतपणाला ती पहिला फोन तुम्हालाच करते, हे मी पुष्कळ बघितलंय.

जाणार असाल तर साक्षीदार म्हणून जा. मूळ आधारकार्ड, त्याची झेरॉक्स आणि पासपोर्ट आकाराचे फोटो न्या, कचेरीत गर्दी असते म्हणून सकाळीच पोचा. दोघं आपल्याला समजणाऱ्या भाषेत एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचं बोलतात, सह्या होतात, दहा मिनिटांत आटोपतं. बायका चांगलं पातळ नेसून या, फोटो निघतात. प्रमाणपत्राच्या दोन प्रमाणित प्रती जादा मागून घ्या, पासपोर्टला आणि बँकेला लागतात. दोघांपैकी एक जण अनुसूचित जाती, जमाती, भटक्या विमुक्तांतला किंवा विशेष मागास प्रवर्गातला असेल, तर जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात आंतरजातीय विवाहाच्या ५०,००० रुपयांच्या योजनेची चौकशी करा. तो अर्ज मी भरून देते.