सीसीडीचा गेन आणि रीड नॉइज मोजताना

खगोलभौतिकीच्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांपासून निरीक्षकांपर्यंत सगळ्यांना एक आकडा लागतोच: सीसीडीच्या (प्रकाशातून इलेक्ट्रॉन तयार करणाऱ्या कॅमेऱ्यातल्या डिटेक्टरच्या) एका काउंटमागे, म्हणजे पिक्सेलसाठी फाइलमध्ये नोंदल्या जाणाऱ्या आकड्यातल्या एका एककामागे, किती इलेक्ट्रॉन? हाच गेन. सोबत लागतो रीड नॉइज, म्हणजे पिक्सेल वाचताना इलेक्ट्रॉनिक्समुळे येणारा चढउतार. तो चुकला, तर ताऱ्याच्या तेजस्वितेपुढे लिहिलेली त्रुटीही चुकते. कॅमेऱ्यासोबत आलेल्या कागदावर विसंबू नका, चार फ्रेममध्ये तो स्वतः मोजता येतो.

डिटेक्टर ठरलेल्या तापमानाला स्थिरावू द्या. शटर बंद ठेवून शून्य एक्स्पोजरच्या दोन फ्रेम घ्या, यांना बायस म्हणतात. मग एकसारख्या उजळलेल्या पडद्याच्या, एकमेकींइतक्याच एक्स्पोजरच्या दोन फ्रेम, या फ्लॅट. १६ बिट कॅमेऱ्यात काउंट साधारण २०,००० ते ३०,००० ठेवा. दिवा आधीच तापवून घ्या. दोन फ्लॅटच्या सरासरीत १ टक्क्याहून जास्त फरक दिसला, तर दिवा अजून स्थिर नाही. जोडी पुन्हा घ्या.

आता मधला २०० × २०० पिक्सेलचा स्वच्छ चौकोन निवडा. एकाच फ्लॅटवरून प्रमाण विचलन (काउंट सरासरीभोवती किती पसरले आहेत ते) काढू नका. धुळीच्या सावल्या आणि पिक्सेलच्या संवेदनशीलतेतले फरक त्यात मिसळतात आणि गेन खोटा कमी येतो. दोन फ्रेमची वजाबाकी केली की हे कायमचे डाग जातात, उरतो फक्त नॉइज.

समजा, प्रत्येक फ्लॅटची सरासरी २५,००० आणि बायसची १,००० आहे. फ्लॅटच्या बेरजेतून बायसची बेरीज वजा केली की ४८,०००. फ्लॅटच्या फरकाचे प्रमाण विचलन १७९, बायसच्या फरकाचे ७. वर्गांची वजाबाकी ३१,९९२. ४८,००० ला ३१,९९२ ने भागले की १.५, म्हणजे काउंटमागे दीड इलेक्ट्रॉन. रीड नॉइज: १.५ × ७ ÷ √२, सुमारे ७.४ इलेक्ट्रॉन.

सगळ्यात जास्त घात होतो तो प्रोग्रॅममध्ये. फाइलमधले आकडे बिनचिन्ह १६ बिट पूर्णांक असतात. तसेच वजा केले तर १,००० − १,००३ चे उत्तर −३ ऐवजी ६५,५३३ येते आणि प्रमाण विचलन हजारोंत जाते. आधी दशांश प्रकारात बदला, मगच वजाबाकी. वैश्विक किरणांचे एकदोन ठिपकेही विचलन फुगवतात, म्हणून सरासरीपासून ५ सिग्मापलीकडचे (प्रमाण विचलनाच्या पाचपटीहून दूरचे) पिक्सेल गाळा.

नोंदवहीत गेनशेजारी तापमान आणि पिक्सेल वाचण्याचा वेग लिहाच. वेग बदलला की रीड नॉइज बदलतो, बरेचदा गेनही, आणि मग चारही फ्रेम नव्याने घ्याव्या लागतात.