नाशिकमध्ये घर घेताना: आधी गल्ली, मग कागद, शेवटी फ्लॅट

घराचा शोध बहुतेक जण रविवारी सकाळी सॅम्पल फ्लॅट पाहून सुरू करतात. रविवारी रस्ते मोकळे, शाळा-क्लासेस बंद, आणि फ्लॅटमध्ये खोलीच्या मापाला बेतून केलेला पलंग. मन तिथेच बसते, आणि पुढची सगळी चौकशी त्या पसंतीचे समर्थन शोधण्यात जाते. म्हणून क्रम उलटा ठेवा. फरशी, रंग, मॉड्युलर किचन नंतर बदलता येते. गल्लीत शिरणारे पाणी आणि सातबाऱ्यावरची नोंद तुम्हाला बदलता येत नाही.

भाग निवडताना

महापालिकेचे सहा विभाग आहेत: नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, सातपूर, नवीन नाशिक म्हणजे सिडको, आणि नाशिकरोड. शोध मात्र विभागाच्या नावावरून नको, रोजच्या वाटेवरून करा. घरातल्या प्रत्येकाला रोज कुठे आणि किती वाजता पोहोचायचे, हे कागदावर लिहा. अंबड किंवा सातपूर एमआयडीसीत नोकरी असेल तर सिडको, कामटवाडे, अशोकनगर, पाथर्डी फाटा सोयीचे. मुंबईची गाडी नेहमी पकडायची असेल तर नाशिकरोड, जेलरोड, उपनगर. नाशिकरोड स्टेशन सीबीएसपासून, म्हणजे शहरातल्या मध्यवर्ती बसस्थानकापासून, नऊ-दहा किलोमीटरवर आहे आणि मध्ये द्वारका लागते, हे गंगापूर रोडला घर बघताना हमखास विसरले जाते.

मग त्या वाटेने प्रत्यक्ष जा. सोमवारी सकाळी नऊ ते दहा आणि संध्याकाळी सहा ते आठ, स्वतःच्या गाडीने. मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे महामार्ग द्वारकेला मिळतात, त्यामुळे तिथली कोंडी रोजचीच. इंदिरानगर बोगद्याचेही तसेच. नकाशावर दोन किलोमीटर दिसणारे अंतर बोगद्याच्या अलीकडचे की पलीकडचे, यावर रोजची वीस मिनिटे ठरतात.

पंचवटीच्या बाजूला मखमलाबाद, म्हसरूळ, हिरावाडी, अमृतधाम, आडगाव या पट्ट्यात गंगापूर रोड-कॉलेज रोडच्या मानाने कमी पैशांत मोठी घरे मिळतात. नोकरी मुख्य शहरात असेल तर मात्र रोज गोदावरीचा पूल ओलांडावा लागतो. 2026-27 च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात पर्वणीच्या, म्हणजे मुख्य स्नानाच्या, दिवशी रामकुंड-तपोवनाकडचे रस्ते वाहनांना बंद राहणार, हे धरून चाला. तपोवनात साधुग्रामासाठी जमिनीवर आरक्षण आहे, त्या बाजूचा प्लॉट घेताना विकास आराखडा पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. कॉलेज रोडला सगळे हाताशी आहे, पण संध्याकाळी स्वतःच्या फाटकासमोर गाडी लावायला जागा मिळत नाही. पाथर्डी फाट्याकडे वारा फिरला की खतप्रकल्पाचा वास येतो, म्हणून त्या बाजूची जागा दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी, एकदा तरी रात्री, बघा. तपोवन, टाकळी, चेहेडी इथल्या मलनिस्सारण केंद्रांजवळ हीच काळजी घ्यावी. देवळाली कॅम्पला मोकळी हवा आहे, पण तो कॅन्टोन्मेंटचा भाग. तिथले बांधकामाचे आणि मालकीचे नियम वेगळे आहेत, आणि लष्करी सरावाचे आवाज सवयीचे व्हावे लागतात.

माहिती विचारायची ती एजंटला नव्हे. कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार, इस्त्रीवाला, शेजारच्या इमारतीचा वॉचमन यांना विचारा. प्रश्न नेमका हवा. ‘एरिया कसा आहे?’ याला सगळे ‘चांगला आहे’ म्हणतात. ‘नळाला किती वाजता येते? किती वेळ? मे महिन्यात टँकर किती वेळा आला? गेल्या पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी होते का?’ याला खरी उत्तरे मिळतात.

दोन्ही पाणी: नळाचे आणि पुराचे

शहराला गंगापूर, मुकणे आणि दारणा या धरणांवरून पाणी येते. धरणात पाणी असले तरी जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला दाब कमी पडतो, म्हणून नव्याने वाढलेल्या कडेच्या वसाहतींत ही चौकशी जास्त महत्त्वाची. इमारतीला महापालिकेची जोडणी आहे की बोअरवेलवर काम चालले आहे, हे पाणीपट्टीची पावती मागून बघा. बोअर असेल तर एप्रिल-मेमधली स्थिती विचारा. नोव्हेंबरात सगळ्याच बोअरना पाणी असते.

पुराचे म्हणाल तर जुन्या नाशिककराची मोजपट्टी म्हणजे गोदावरीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती. पाणी मारुतीच्या कमरेला लागले की सराफ बाजार, भांडी बाजाराची आवराआवर सुरू होते. 2008, 2016 आणि 2019 चे पूर लोकांच्या चांगले लक्षात आहेत, त्यामुळे नाव घेऊन विचारा: ‘2019 ला पाणी कुठपर्यंत आले होते?’ माणसे पायरी दाखवतात. फक्त गोदावरीकडे बघून भागत नाही. सातपूरकडून येऊन मुंबई नाक्याजवळून टाकळीला जाणारी नासर्डी, पंचवटीतली वाघाडी, विहितगाव-चेहेडीकडची वालदेवी, यांच्या काठांवर दाट वस्ती आहे. उन्हाळ्यात त्या नाल्यासारख्या दिसतात, म्हणूनच फसगत होते.

कागदावर याची तपासणी पूररेषेने होते. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला परवानगी नाही, दोन रेषांच्या मध्ये अटींसह मिळते. निळ्या रेषेत आलेली जुनी इमारत राहायला ठीक वाटेल, पण उद्या ती पाडून नवी उभारायची झाली की अडचण समोर येते. शरणपूर रोडवरच्या राजीव गांधी भवनात महापालिकेचा नगररचना विभाग आहे. तिथून गट किंवा सर्व्हे नंबर देऊन झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. पूररेषा, आरक्षण, रस्ता रुंदीकरण या तिन्हींचा उलगडा त्यातून होतो.

जमिनीचे कागद

इथे घाई केली की पैसे अडकतात, म्हणून थोडे सविस्तर.

सातबारा किंवा सिटी सर्व्हेचे मालमत्ता पत्रक स्वतः काढा. विक्रेत्याने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत मिळतो. त्यात तीन गोष्टी बघायच्या. पहिली, भूधारणा पद्धती: ‘भोगवटादार वर्ग 1’ असेल तर सहसा विक्रीला मोकळी. ‘वर्ग 2’ म्हणजे शर्तीची जमीन, सक्षम अधिकाऱ्याची परवानगी घेतल्याशिवाय आणि नजराणा, म्हणजे सरकारला द्यायची रक्कम, भरल्याशिवाय व्यवहार टिकत नाही. दुसरी, ‘इतर हक्क’ हा रकाना: बँकेचा किंवा विकास सोसायटीचा बोजा, कुळाची नोंद, न्यायालयातला दावा, बहिणींचे हक्क, सगळे इथे सापडते. तिसरी, फेरफार (मालकी-हक्कातल्या बदलाची नोंद) क्रमांक: प्रत्येक फेरफाराची नक्कल काढून मालकी कुणाकडून कुणाकडे आली याची साखळी जोडा. एखाद्या वारसाचे नाव मध्येच गळाले असेल तर तोच पुढे नोटीस पाठवतो.

नाशिकमध्ये एक खबरदारी जास्तीची. दिंडोरी, पेठ, त्र्यंबकेश्वर या बाजूंना आदिवासी खातेदारांच्या जमिनी पुष्कळ आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36-अ नुसार अशी जमीन बिगरआदिवासी व्यक्तीला परवानगीशिवाय घेता येत नाही. परवानगी नसताना झालेला व्यवहार रद्द होऊन जमीन मूळ खातेदाराकडे परत जाऊ शकते. फेरफारांच्या जुन्या नोंदीत मूळ खातेदार कोण होता, हे वकिलाकडून मुद्दाम तपासून घ्या.

गुंठा-दोन गुंठ्यांचे स्वस्त प्लॉट शहराच्या कडेला सतत विकायला असतात. मंजूर ले-आऊट नाही, सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे सामायिक, आणि हाती नोटरीचा कागद, अशा प्लॉटवर बांधकाम परवानगी आणि गृहकर्ज दोन्ही अडतात. मंजूर ले-आऊटची प्रत आणि प्लॉट नंबर दाखवता येत नसेल तर तिथेच थांबा.

नवीन नाशिक वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाच्या योजनांतली घरे मुळात भाडेपट्ट्याने दिलेली आहेत. असे घर घेताना हस्तांतरणाची नोंद सिडकोच्या दप्तरी विक्रेत्याच्याच नावावर आहे ना, हे बघा. अनेक घरे नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) दोन-तीन हात फिरलेली असतात.

सर्व्हे नंबरचा 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जुन्या नोंदणीकृत व्यवहारांची तपासणी, तुमच्या वकिलाकडून घ्या. बिल्डरच्या वकिलाचा असेल तर तो संदर्भ म्हणून वाचा.

इमारतीचे कागद

मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष फ्लॅट समोरासमोर धरा. बाल्कनी आत घेतली आहे का, टेरेसवर खोली चढवली आहे का, पार्किंगच्या जागी दुकान निघाले आहे का? शहरात गाजलेले कपाटाचे प्रकरण इथलेच. नकाशात कपाट म्हणून दाखवलेली जागा खोल्यांत मिसळली गेली, चटईक्षेत्र (एफएसआय) वाढले आणि कित्येक इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले, म्हणजे इमारत मंजुरीप्रमाणे पूर्ण झाल्याची महापालिकेची प्रमाणपत्रे, वर्षानुवर्षे अडकले. राहणाऱ्यांनी हप्ते भरले, पण विकायला गेले की गिऱ्हाईकाची बँक दाखला मागायची. त्यामुळे तयार फ्लॅट असेल तर पूर्णत्वाच्या किंवा भोगवटा दाखल्याची प्रत पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका. ‘फाइल टाकली आहे’ हे उत्तर म्हणजे दाखला नव्हे.

बांधकाम सुरू असेल तर महारेरा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारे राज्याचे प्राधिकरण, त्याच्या संकेतस्थळावर प्रकल्प उघडा. ताबा द्यायची तारीख किती वेळा पुढे ढकलली, किती फ्लॅट विकले गेले, कोणते दावे चालू आहेत, हे सगळे तिथे असते. करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेण्यास कायद्याने मनाई आहे. कुणी 20 टक्के मागत असेल तर आधी करारनामा नोंदवायला सांगा.

रीसेल घेताना आधीच्या प्रत्येक व्यवहाराचे मूळ कागद, घरपट्टी-पाणीपट्टीची बाकी नसल्याचा पुरावा, आणि मेंटेनन्सचा ना-हरकत दाखला मागा. नाशिकमध्ये सहकारी सोसायटीपेक्षा अपार्टमेंट कायद्याखालच्या इमारती फार दिसतात. तिथे करारनाम्यावर काम संपत नाही. डीड ऑफ अपार्टमेंट नोंदवलेले हवे, कारण जमिनीतला तुमचा अविभक्त हिस्सा त्याने तुमच्या नावे होतो. जुन्या गावठाणातल्या वाड्याचा भाग घेत असाल तर भाडेकरूंचे हक्क आणि सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या, एवढे दोन प्रश्न सुटेपर्यंत पैसे देऊ नका.

माप आणि पैसा

दर नेहमी कार्पेटवर, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या क्षेत्रावर, आणून तुलना करा; सेलेबल म्हणजे जिना-लॉबीसारखा सामायिक वाटा मिळवून बिल्डर आकारतो ते क्षेत्र. एकाचा दर चौरस फुटाला 5,000, सेलेबल 900 चौरस फूट: किंमत 45 लाख, पण कार्पेट 620, म्हणजे खरा दर सुमारे 7,258. दुसऱ्याचा दर 5,200, सेलेबल 850: किंमत 44 लाख 20 हजार, कार्पेट 640, म्हणजे खरा दर सुमारे 6,906. महाग वाटलेला फ्लॅट स्वस्त निघाला. टेप घेऊन जा आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत स्वतः मोजा.

45 लाखांच्या घराला हातात किती हवेत? 30 ते 75 लाखांच्या कर्जात बँक मालमत्तेच्या मूल्याच्या 80 टक्क्यांपर्यंतच देते, म्हणजे 36 लाख. स्वतःचे 9 लाख. मुद्रांक शुल्क अधिभारासह साधारण 6 टक्के धरा, 2 लाख 70 हजार. नोंदणी शुल्क 1 टक्का, पण कमाल 30 हजार. बांधकाम सुरू असेल तर जीएसटी 1 टक्का, 45 हजार. बेरीज साडेबारा लाखांच्या आसपास, आणि यात वकील, बँकेची फी, सामान हलवणे आलेले नाही. खरेदीदार फक्त महिला असेल तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. 1 टक्का जीएसटी कार्पेट 90 चौरस मीटरपर्यंत आणि एकूण किंमत 45 लाखांपर्यंत असेल तरच. पार्किंग आणि विकास शुल्क धरून आकडा 46 लाख झाला तर दर 5 टक्के, म्हणजे 2 लाख 30 हजार. हे शुल्क करारात वेगळे दाखवले तरी एकूण किमतीतच धरतात, म्हणून सगळ्या रकमा आधीच लेखी घ्या. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या फ्लॅटवर जीएसटी नाही. किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर विक्रेत्याच्या रकमेतून 1 टक्का टीडीएस (प्राप्तिकर) कापून भरण्याची जबाबदारी तुमची.

टोकनपासून ताब्यापर्यंत

टोकन लहान ठेवा, चेकने द्या, आणि पावतीवर लिहून घ्या की कागदपत्रांत दोष निघाला किंवा कर्ज मंजूर झाले नाही तर रक्कम परत मिळेल. त्यानंतर वकिलामार्फत मराठी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या, पंधरा दिवस हरकतींची वाट बघा, मग करारनामा. करारात कार्पेट क्षेत्र, पार्किंगचा क्रमांक, ताब्याची तारीख आणि सगळी वेगळी शुल्के आकड्यांत असावीत.

ताबा घेण्याआधी अर्धा दिवस काढा. बाथरूमच्या फरशीवर बादलीभर पाणी ओता, जाळीकडे जाते का बघा. सगळे नळ एकदम सोडा. पश्चिमेच्या भिंतीला ओल आहे का, हात लावून बघा, पाऊस तिकडूनच मारतो. काळ्या मातीच्या मळ्यांवर उठलेल्या रो-हाऊसमध्ये जोत्याजवळच्या तिरप्या भेगा नीट पाहा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि पाया मुरूम किंवा खडकापर्यंत नेलेला नसेल तर भिंत तडकते.

ताब्यानंतर घरपट्टी, पाणीपट्टी आणि महावितरणचे बिल आपल्या नावावर करून घ्या. बांधकामातल्या दोषांची दुरुस्ती ताब्यापासून 5 वर्षे विनामूल्य करून देणे बिल्डरवर बंधनकारक आहे, आणि लेखी तक्रारीनंतर 30 दिवसांत ती व्हायला हवी. पहिला पावसाळा संपायच्या आतच गळतीचे तारखेसह फोटो काढून तक्रार ईमेलने आणि पोचपावतीच्या पत्राने द्या.