ट्रोल ओळखायचा कसा, आणि ओळखल्यावर करायचं काय

ट्रोल म्हटलं की शिवराळ माणूस डोळ्यांपुढे येतो. पण ‘ट्रोलिंग’ ही मासेमारीची एक पद्धत आहे : चालत्या होडीमागे गळ सोडायचा. १९९०च्या दशकात यूजनेटवरची (इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांवरची) जुनी मंडळी मुद्दाम एखादा भाबडा प्रश्न टाकून कुठला नवखा गळाला लागतो ते बघायची. तेव्हा शिवी नाही, आमिष ओळखायचं.

पहिली पायरी : उत्तर एकदाच द्या, पण नीट द्या. मग समोरचा त्या उत्तराचं काय करतो ते बघा.

समजा, फोटोग्राफीच्या ग्रुपवर कुणी विचारलं, ‘चंद्राचा फोटो काढला की नुसता पांढरा ठिपका येतो, काय करू?’ तुम्ही सांगता, एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात शिरणारा प्रकाश, कमी करा. लगेच तिसराच उगवतो : ‘हे कुठून ऐकलं?’ तुम्ही कारण देता : आपल्याकडे रात्र असली तरी चंद्रावर ऊनच पडलेलं असतं. त्यावर तो म्हणतो, ‘म्हणजे बाकी सगळे मूर्ख?’ झालं! चंद्र राहिला बाजूला, विषय आता तुम्ही आहात.

याउलट कुणी खेकसलं, ‘चूक! आधी ट्रायपॉड घ्या,’ तर तो खडूस असेल, ट्रोल नाही. तो चंद्राबद्दलच बोलतोय. अशा माणसांना ग्रुपमधून घालवू नका, बऱ्याचदा त्यांनाच जास्त कळतं.

ओळखायला सगळ्यात अवघड तो साळसूद. ‘मला फक्त समजून घ्यायचंय हो,’ म्हणत तो दहाव्यांदा तोच पुरावा मागतो. इंग्रजीत याला ‘सीलायनिंग’ म्हणतात. आपण वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणतो.

ओळख पटली की गप्प बसा. ‘आता मी तुम्हाला ब्लॉक करतोय’ हेसुद्धा लिहू नका, तेवढ्यासाठीच तर तो थांबलेला असतो. मी आधी म्यूट करतो. ब्लॉक केलेलं त्याला कळतं आणि नवं खातं उघडून तो परत येऊ शकतो. म्यूट केलं की बसतो एकटाच बडबडत.

धमकी दिली, पत्ता किंवा खासगी फोटो टाकला, तर मात्र दुर्लक्ष करू नका. आधी स्क्रीनशॉट घ्या. त्यात खात्याचं नाव, तारीख, वेळ दिसू द्या आणि लिंक वेगळी जपून ठेवा. मग रिपोर्ट, ब्लॉक आणि पोलीस.

तुम्ही ॲडमिन असाल तर पहिली वाकडी कमेंट लवकर हटवा. २०१७ साली स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी दाखवलं, की मूड बिघडलेला असला आणि आधीच्या कमेंट कुरापतखोर असल्या, तर साधी माणसंही ट्रोलसारखी वागू लागतात. (डोकं तापलेलं असताना आपणही ‘सेंड’ दाबण्याआधी जरा थांबावं.)

या सगळ्या गदारोळात मूळ प्रश्न विचारणारा बिचारा तसाच ताटकळलेला असतो. त्याला सांगा : पौर्णिमेच्या चंद्राला आयएसओ १००, ॲपर्चर एफ/११, शटर १/१०० पासून सुरुवात कर.